कागदावरची अध्यक्षा

३ फेब्रुवारी

आत्या,

फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यात तुमच्या बाजूला येणार आहेत, त्यांच्या पिशवीतून हे पत्र पाठवतेय. टपाल बंद पडल्यापासून आपल्या दोघींना हाच एक रस्ता उरलाय. वाचून झालं की पत्र ठेवू नकोस. आणि एका गोष्टीचं मला सरळ उत्तर दे, गंमत करू नकोस: तू कुठल्या महिला परिषदेची अध्यक्षा झालीयस का?

माझं काम तुला माहीत आहे. इथे परदेशात निर्बंध समितीच्या कचेरीत बसून मी आपल्या भाषेतले कागद त्यांच्या भाषेत करते. परवा टेबलावर तुमच्या जिल्ह्याच्या कमांडरसाहेबांचा अर्ज आला. त्यांचं नाव समितीच्या यादीत आहे, म्हणून त्यांना देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही आणि बाहेरच्या बँकेतल्या त्यांच्या पैशाला कुलूप आहे. ते नाव काढा, मी आता सुधारलोय, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून जोडपत्र सात: 'जिल्हा महिला परिषद, सदस्या बारा, कमांडरसाहेबांच्या प्रेरणेने स्थापन, दरमहा बैठक.' अध्यक्षा म्हणून तुझं नाव, पत्ता तुझ्या चष्म्याच्या दुकानाचा. खाली सही तुझीच आहे. शेवटच्या अक्षराला तसली शेपटी अख्ख्या जगात दुसरं कोणी काढत नाही.

अर्जातलं काही बाहेर सांगायला मला सक्त मनाई आहे. आमच्या साहेबीणबाईंना आम्ही कात्रीबाई म्हणतो, कारण चाळीस पानांचं त्या चार पानं करतात. त्यांना कळलं तर त्या माझं नाव असंच कापतील.

तुझी
पोपट


१९ फेब्रुवारी

पोपटे,

मी अध्यक्षा झाले आणि मला साधा चहासुद्धा कोणी पाजला नाही.

सहीचं सांगते. ऑक्टोबरात कमांडरचा सेक्रेटरी दुकान तपासायला म्हणून आला. परवान्याचं नूतनीकरण आहे, इथे सही करा, म्हणाला. फॉर्म कोरा होता. मी विचारलं, तर म्हणाला, मजकूर नंतर टाइप होईल. जाताना गिऱ्हाईक बायकांच्या चष्म्याच्या नंबरांची वहीसुद्धा घेऊन गेला, कुणाचा नंबर किती, पत्ता काय, सगळं त्यात. मला वाटलं, याला कुणाच्या तरी पोरीचं स्थळ बघायचंय. परवाना अजून आलेला नाही. अध्यक्षपद आलं.

पण ते लक्षात राहण्याचं कारण वेगळं. त्याच आठवड्यात मोठ्या बाईंना उचललं. तुला कळवलं नव्हतं, कारण लिहिताना माझाच हात थांबत होता. मुलींची शाळा बंद करून कमांडरच्या माणसांनी वर्गांमध्ये डिझेलची पिंपं भरली. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे, दाखला दाखवल्याशिवाय मी कुणालाही वर्गात घेत नाही, पिंपालासुद्धा नाही. शिपाई हसले. मग त्यांना गाडीत घातलं. त्या दिवसापासून कुणाला भेटू देत नाहीत. चष्मासुद्धा काढून घेतला म्हणतात, आणि त्यांना चष्म्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही.

आता तू मला दोन गोष्टी कळव. एक, माझ्या परिषदेत कोण कोण आहे. अध्यक्षेला एवढं तरी ठाऊक असावं. दुसरी, तुमच्या यादीत या माणसाचे जे गुन्हे लिहिलेत त्यात मोठ्या बाईंचं काय लिहिलंय?

अध्यक्षा
(घरी तुझी आत्या)


६ मार्च

आत्या,

मोठ्या बाईंचं वाचून मी कचेरीच्या जिन्यात जाऊन बसले होते. मला पहिला निबंध त्यांनी लिहायला लावला होता.

यादी मी तीनदा वाचली. कमांडरसाहेबांच्या नावापुढे तीन कारणं आहेत: शस्त्रांची चोरटी आयात, डिझेलची तस्करी, शस्त्रसंधी मोडणे. बाईंचं काहीही नाही. शाळेचं नाही, दवाखान्यात जायला बाईमाणसाला घरच्या पुरुषाची चिठ्ठी लागते त्याचंही नाही. असल्या गोष्टींसाठी यादीत रकानाच नाही. डिझेल मोजलंय, ते कुठे ठेवलंय हे कुणी विचारलेलं नाही.

बारा नावं सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलीत. तुझ्या नावाखाली तुझ्या वहीतली पहिली अकरा उचलून घातलेली दिसतात. त्यातली चौथी दोन वर्षांपूर्वी वारली ना? आणि नववी तर कमांडरसाहेबांची सासू आहे. सेक्रेटरीने नावं वाचलीसुद्धा नसावीत.

हे फक्त तुझ्या माहितीसाठी. तू गप्प राहायचंस, कुणाला काही बोलायचं नाहीस. मला शब्द दे.

तुझी
पोपट


२८ मार्च

पोपटे,

शब्द देणार होते, पण त्याआधीच परिषदेची पहिली बैठक झाली.

चिठ्ठी हातात आली आणि मी एकेकीला निरोप धाडला, नवीन काचा आल्यात, नंबर तपासून जा. अकरा जणी आल्या. वारलेलीच्या जागी तिची सून आली. सासूचं शिवणयंत्र घेतलं तशी खुर्चीही घेते, म्हणाली. दुकानात स्टूल एकच, म्हणून बाकीच्या खोक्यांवर बसल्या. मी सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, एका पोपटाने सांगितलं म्हटलं. आधी सगळ्या हसल्या, मग बेकरीवाली म्हणाली की आपण कागदावर आहोत तर कागदावरून उठून एकदा चालून बघू. सासूबाई पदराने चष्मा पुसत होत्या. आम्हाला धास्ती, की या आता घरी जाऊन सांगतील. शेवटी त्या म्हणाल्या, 'जावयाने मला न विचारता माझं नाव वापरलंय. आता मीही त्याचं वापरते.'

दुसऱ्या दिवशी बाराही जणी त्याच्या कचेरीत गेलो. फाटकावरच्या शिपायाला सांगितलं, जिल्हा महिला परिषद, मासिक बैठकीचे ठराव घेऊन आलोय. तो आत गेला आणि सेक्रेटरी बाहेर आला. त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास, पोपटे. परिषद नाही म्हणावं तर अर्ज खोटा ठरतो, आहे म्हणावं तर आम्ही दारात उभ्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात पुढे सासूबाई, त्यांना हटकणार कोण? घेतलं आत.

आमचे ठराव तीन होते. बाईमाणसाला दवाखान्यात जायला चिठ्ठी नको. शाळेतली पिंपं बाहेर काढा. मोठ्या बाईंना सोडा. कमांडरने कागद हातात घेतला, लांब धरला, आणखी लांब धरला आणि सेक्रेटरीला वाचायला दिला. माझ्या तेवढ्यात लक्षात आलं, याला जवळचं दिसत नाही आणि शिपायांसमोर चष्मा लावायची लाज वाटते. पहिला ठराव मान्य झाला. दुसरा विचाराधीन. तिसऱ्याला तो म्हणाला, कोण बाई, माहीत नाही. मग फोटोग्राफर बोलावला आणि आमच्याबरोबर हसत फोटो काढला.

पण कालपासून चिठ्ठी बंद झालीय. धोबीण एकटी जाऊन पोट तपासून आली. एवढं तर झालं?

तुझी आत्या


२२ एप्रिल

आत्या,

तुमचा फोटो इथे येऊन पोचला.

रंगीत आहे, मोठा आहे, मधोमध कमांडरसाहेब आणि शेजारी तू दात दाखवत उभी. खालचा मजकूर माझ्याच हाताने भाषांतरित करावा लागला: 'परिषदेच्या सूचनेवरून कमांडरसाहेबांनी दवाखान्याची अट तत्काळ रद्द केली.' समितीतले लोक फोटोकडे बघून माना डोलावताहेत. एक जण तर म्हणाला, इतका आनंदी पुरावा आजवर आला नव्हता. जुलैत निर्णय आहे, आणि सगळ्यांचा कल नाव काढण्याकडे आहे.

म्हणजे तुमची परिषद खरी झाली आणि त्याचा खोटा अर्जही खरा झाला. एकदा का नाव निघालं, की त्याला ना फोटो लागणार ना तुम्ही. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत सुरू होईल. मोठ्या बाई तर कुणाच्या आठवणीतसुद्धा उरणार नाहीत. तुला सांगितलं होतं गप्प राहा. तुला सगळ्याचा खेळ वाटतो, त्याची किंमत दुसरे देतात.

पोपट


१४ मे

पोपटे,

पत्र मिळालं. दुकान रंगवायला काढलंय, त्यामुळे सध्या घरीच आहे आणि आराम करतेय. अक्षर वेडंवाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस, हाताला किरकोळ लागलंय. डॉक्टरीणबाईंना घाई आहे. तू जेवत जा नीट.

आत्या


२ जून

आत्या,

रुसलीस ना? तीन ओळींचं पत्र तू आजवर मला कधीच लिहिलं नव्हतंस, माझी परीक्षा बुडाली तेव्हासुद्धा नाही. गेल्या पत्रात मी फार बोलले. तू दुकान रंगवत बसलीस म्हणजे परिषदेचा नाद सोडलास, आणि तो माझ्या बोलण्याने सोडलास, असं वाटून मला चैन पडत नाही. मी म्हणाले होते गप्प राहा, आणि आता तू गप्प बसलीस तर मला ते सोसत नाही.

म्हणून मी एक केलं. कात्रीबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. अध्यक्षा माझी आत्या आहे, परिषद खोटी होती, मी तुला कळवलं, मग ती खरी झाली, आणि मोठ्या बाई आत आहेत. त्या मान वर न करता ऐकत होत्या. मग त्यांनी फाईल माझ्याकडून काढून घेतली. मी म्हणाले, मी राजीनामा देते. त्या म्हणाल्या, बसा. मग विचारलं, 'अर्जात परिषदेचा पत्ता दिलाय ना? मग परिषदेला कुणी विचारलं का?'

कुणीच विचारलेलं नव्हतं. आजवर असल्या अर्जात बायकांची नावं पुरावा म्हणून येत, त्यांना कुणी पत्र लिहीत नसे. त्यांनी माझ्यासमोरच पत्र लिहायला घेतलं. ते तुला मिळेल. माझी चौकशी होणार आहे, ती होऊ दे.

राग सोड आणि मोठं पत्र लिही.

पोपट


७ जुलै

पोपटे,

मी रुसले नव्हते. आता सांगते, कारण आता सांगता येतं.

फोटो निघाल्यानंतर आम्ही पिंपांसाठी दोनदा, बाईंसाठी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी मी फाटकावरच बसून राहिले. दोन दिवसांनी भर दुपारी चार माणसं दुकानात आली. काचा जमिनीवर ओतल्या आणि बुटांनी तुडवल्या. मी फ्रेमांचा खण धरला, तर हातावर खणच आपटला. दोन बोटं मोडली. मग दाराशी पहारा बसला. तुझ्या डॉक्टरीणबाई बोटं बांधायला म्हणून आल्या, तेव्हा डाव्या हाताने ते तीन ओळींचं लिहिलं. तुला खरं लिहिलं असतं तर तू तिथे बसून काय केलं असतंस? रडली असतीस. हात मोडलेली बाई आणि रडणारी बाई, दोघींचा उपयोग नाही.

आणि मग तुमचं पत्र आलं. समितीचं लाखेचं सील, वर लिहिलेलं, 'माननीय अध्यक्षा, जिल्हा महिला परिषद, यांच्याच हाती द्यावे, पोच घ्यावी.' ते कमांडरच्या कचेरीतूनच यायचं होतं, दुसरा मार्ग नाही. सेक्रेटरी स्वतः घेऊन आला. पहारेकऱ्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं त्याला. मी डाव्या हाताने पोच लिहून दिली, शेपटीसकट.

दुसऱ्या दिवशी खुद्द कमांडर दुकानात आला. शिपाई बाहेर ठेवले. बसायला तेवढं स्टूलच शाबूत होतं, अक्षरांच्या तक्त्यासमोरचं. त्यावर बसला. तुमचं पत्र मागितलं आणि नेहमीसारखं लांब धरलं. मी नंबर तपासायची फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली, वाचलेल्या काचांतल्या दोन घातल्या, अडीच नंबरच्या काचेला त्याला स्पष्ट दिसायला लागलं. ओठ हलवत त्याने सगळं वाचलं. या व्यक्तीच्या वर्तनात सुधारणा झाली आहे का, याबद्दल परिषदेचं मत काय, ते अमुक तारखेपर्यंत कळवावं, एवढंच होतं.

'काय लिहिणार तुम्ही?' त्याने विचारलं.

'दिसतं ते.'

'त्या बाईंना सोडलं तर?'

'तर सोडलं असं लिहू.'

'आणि नाही सोडलं तर?'

'नाही सोडलं असं लिहू. शाई दोन्हीला तेवढीच लागते.'

फ्रेम काढून त्याने स्टुलावर ठेवली आणि निघून गेला. तो गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली, हे तुला म्हणून सांगते.

तीन जुलैला दुपारी चार वाजता दुकानासमोर जीप थांबली. मोठ्या बाई स्वतःच्या पायांनी उतरल्या, पण पायरी दिसेना, म्हणून पायाने चाचपडत होत्या. मी धावले. त्या निम्म्या राहिल्यात, पोपटे. त्यांचा नंबर मला पाठ आहे. ऑक्टोबरातच मी त्यांच्यासाठी दुसरा चष्मा करून घरी कपाटात ठेवला होता, तो तेवढा बुटांखाली आला नाही. तो आणून लावला, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, 'म्हातारी झालीस तू.' मग आम्ही दोघी रडलो. उपयोग नसला तरी रडलो.

पत्र काय लिहायचं यावर मोठा वाद झाला. बेकरीवाली आणि वयाने धाकट्या म्हणत होत्या, स्पष्ट नाही लिहा, सडू दे त्याला यादीत. दोघी म्हणत होत्या, बाई सुटल्या, आता हो लिहून सुटका करून घ्या, नाहीतर बाकीचीही बोटं जातील. मोठ्या बाई बोलल्या सगळ्यांत शेवटी. 'साफ नापास केलंत तर त्याला गमवायला काही उरत नाही. पास केलंत तर भ्यायला काही उरत नाही. वर ढकला, पण अटीवर. आणि दर सहामाहीला परीक्षा आपण घ्यायची.' सासूबाई म्हणाल्या की जावई लहानपणी असाच ढकलत ढकलत वर आलाय, त्याला सवय आहे.

तेच लिहिलं. खोटी सही, पिंपं, तुडवलेल्या काचा, माझी बोटं, सोडल्याची तारीख आणि वेळ, सगळं. दवाखान्याची चिठ्ठी बंद केली, हेही लिहिलं, कारण तेही खरं आहे. आणि शेवटी लिहिलं की बाईंना कोंडलं हे यादीतल्या कारणांत नाही, ते घाला. घालणार नसाल तर आम्हाला मत विचारू नका. बाराही जणींच्या सह्या आहेत. एकीला सही येत नव्हती, ती बाईंनी त्याच दुपारी शिकवली. डॉक्टरीणबाईंनी पत्र थेट नेलंय.

तुझी आत्या


१८ ऑगस्ट

आत्या,

बोटांचं वाचल्यापासून मी स्वतःला शिव्या देतेय. 'रुसलीस ना' असं लिहिणारी मी. त्यावर आणखी काही लिहीत नाही, भेटल्यावर तू दोन थोबाडीत मार, बऱ्या हाताने.

निर्णय झाला. मला खोलीत बसायची परवानगी नव्हती, पण दाराशी चहावाली होती, तिच्याकडून सगळं कळलं. एक सदस्य म्हणाला, आपण शस्त्रं आणि युद्ध बघतो, मुलींच्या शाळा बघणारी समिती या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहे. कात्रीबाई म्हणाल्या, 'तुम्ही ज्या पिंपांची मोजदाद करताय ती सहावीच्या वर्गात उभी होती.' मग तुमचं पत्र पूर्ण वाचलं गेलं. कात्रीबाईंनी त्यातला एक शब्द कापलेला नाही, आणि हे इथे आजवर घडलेलं नाही.

कमांडरसाहेबांचं नाव यादीत राहिलं. पैशाचं कुलूप राहिलं. त्यांना फक्त शांततेच्या बोलणीसाठी परदेशी जायची मुभा, तीही सहा महिन्यांची. दर सहा महिन्यांनी परिषदेला समोरासमोर विचारायचं, ते खोलीत नसताना. पिंपं महिनाअखेरीपर्यंत हलवायची. परिषदेतल्या कुणाच्या केसाला धक्का लागला तर मुभा त्याच दिवशी बंद. आणि यादीत चौथं कारण आलं: बायकांना बळाने शाळेपासून, दवाखान्यापासून, कामापासून रोखणे, त्यासाठी त्यांना डांबणे. हे कारण आता त्यांच्यापुरतं नाही, यापुढे सगळ्यांना लागू.

मला लेखी ताकीद मिळाली आणि मासेमारीच्या बोटींच्या टेबलावर बदली झाली. ताकीद रास्तच आहे. कात्रीबाईंनी ती स्वतः टाइप केली, आणि देताना विचारलं की आत्यांचा हात कसा आहे.

आणखी एक. बोलणीला परिषदेच्या दोन प्रतिनिधी हव्यात. निरीक्षक म्हणून नव्हे, टेबलाशी. नावं कळव.

पोपट


३० सप्टेंबर

पोपटे,

हे पत्र हॉटेलातून लिहितेय आणि तिकीट लावून खऱ्या टपालपेटीत टाकणार आहे. डॉक्टरीणबाईंच्या पिशवीला आज सुट्टी.

मोठ्या बाई आणि मी, दोघी आलोय. मतदान झालं, सासूबाईंना दोन मतं कमी पडली, त्या अजून फुगून बसल्यात. पिंपं गेली, पण वर्गांना वास आहे. म्हणून बाई निघायच्या दिवसापर्यंत मुलींना अंगणातच शिकवत होत्या. सत्तावीस मुली येतात. आधी एकशे चाळीस होत्या. बाकीच्यांच्या घरी बेकरीवाली रोज दोन याप्रमाणे जाऊन येते.

तिकिटं एकत्र काढली होती, त्यामुळे विमानात आम्हा तिघांच्या जागा एका रांगेत. कमांडरसाहेब आधीच येऊन खिडकीशी बसले होते, हातात तुमच्या समितीचे कागद, नाकावर चष्मा. बाई रांगेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ती जागा मला द्या. त्याने खिशातून जागेची चिठ्ठी काढून दाखवली, नंबर माझाच आहे, म्हणाला. आवाज वर नव्हता. मागे लोक खोळंबले होते.

बाई म्हणाल्या, 'नऊ महिने मला खिडकी नव्हती.'

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग कागद गोळा केले आणि उठला. आमच्या दोघींच्या मधे गुडघे आखडून बसला.

बाईंनी काचेला कपाळ टेकवलं ते विमान उतरेपर्यंत काढलं नाही. मी एकदा वाकून पाहिलं. ढगांशिवाय काही दिसत नव्हतं.

उद्या दहाला बोलणी सुरू.

तुझी आत्या